जाड सळई

"बाबा, तुमी सांगा, कोनती घेऊ?" अंकुरने विचारलं आणि शालिकराम कापगते यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

खुर्सीपार भागातल्या एका गॅरेजमध्ये टेबलावर तीन वाकवलेल्या सळया मांडल्या होत्या. एक बारीक, एक मध्यम, एक चांगली जाड. अंकुरने हौसेने एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली होती. वळणावर ती एका बाजूला फार कलायची, म्हणून मागच्या चाकांमधली मूळची सळई काढून बाजारातली दुसरी बसवायची होती. गॅरेजवाला धर्मेंद्र तिला स्वे बार म्हणत होता. शालिकरामजींनी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, पण तसं दाखवलं नाही.

धर्मेंद्र हिंदीत भराभर समजावत होता. पुढे किती कडक, मागे किती कडक, वळताना मागची बाजू का घसरते, असं बरंच काही. शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं. शालिकरामजी मान हलवत होते. उभा जन्म पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये त्यांनी हेच केलं होतं. तिथल्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नसे. फोरमनचे ओठ हलले की आपण मान हलवायची आणि बाजूच्याचे हात बघून काम उचलायचं, ही तिथली रीत. समजलं नाही म्हणणाऱ्याची कँटीनमध्ये थट्टा व्हायची. इथे बघायला बाजूच्याचे हात नव्हते, एवढाच फरक.

"जाडी घे," ते म्हणाले. "लोखंड जाड हाय म्हणून आजवर कोनाचं नुकसान नाही झालं."

धर्मेंद्रने अंकुरकडे पाहिलं. अंकुर जरा घुटमळला आणि म्हणाला, "यही लगा दो."

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण मुलाने त्यांना काही विचारल्याला कितीतरी वर्षं झाली होती. रायपूरची नोकरी, लग्नाची तारीख, ही गाडी, सगळं ठरल्यावर त्यांच्या कानावर यायचं. त्यामुळे कँप-1 वस्तीतल्या चहाच्या टपरीवर, मिलच्या जुन्या सोबत्यांपुढे, त्यांनी या सळईची गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी त्यांच्यातले कृष्णराव म्हणाले, आता गाडीच्या काचेवर स्वतःचं नावच लिहून घे. घरी बायको, कौशल्याबाई, म्हणाल्या, म्हातारा पुन्हा ड्युटीवर लागला.

रविवारी अंकुर आणि त्याची बायको गुंजन तिच्या माहेरी, दुर्गच्या मोहन नगरात निघाले होते. पाण्याच्या टँकरने रस्ता ओला करून ठेवला होता. वळणावर गाडीचा मागचा भाग घसरला, गाडी गर्रकन फिरली आणि दुभाजकावर आदळली. अंकुरला खरचटलंसुद्धा नाही. गुंजनचं मनगट मोडलं.

"मीच जोरात होतो," अंकुरने दवाखान्यात सांगितलं. शालिकरामजींनी ते लगेच मानलं, आणि टपरीवरही आजकालच्या पोरांच्या हाताला दोष देऊन टाकला.

मग एके दुपारी गाडी किती दुरुस्त झाली ते बघायला ते गॅरेजमध्ये गेले. धर्मेंद्रच्या मनात काही वाकडं नव्हतं. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, उस दिन आपके सामने ही तो बोला था, पीछे मोटा लगाओगे तो मोड़ पे गाड़ी घूमेगी. भैया भी समझ रहे थे. आप बाहर गए तो बोले, बाबूजी ने कह दिया है, लगा दो, मैं सँभाल के चला लूँगा."

शालिकरामजी टपरीची गल्ली टाळून घरी आले. त्यांना लाज वाटत होती, अंगावरचे कपडे गळून पडल्यासारखी. निवड चुकली याची नव्हे, चूक कुणाचीही होते. त्यांना तोंडावर सांगितलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. आणि वर मुलाला तो दोष निवांत अंगावर घेऊ दिला होता.

घरी गुंजन प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती आणि कौशल्याबाई तिची वेणी घालत होत्या. शालिकरामजी दारातच उभे राहिले.

"बाई, तुहा हात माह्यापायी मोडला," ते म्हणाले. "धर्मेंद्रनं सांगतलं होतं. मले समजलंच नव्हतं. मी आपली समजल्यावानी मान हलवली."

गुंजनने सासूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुझे पता है, बाबा. ये बोले होते, बाबांना नको सांगू, उनको बुरा लगेगा."

कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि हे फक्त शालिकरामजींनाच माहीत नव्हतं. कुणी चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. कौशल्याबाईंनी वेणीला रबर लावलं आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या रविवारी अंकुर म्हणाला, सळई बदलायची आहे, चला. जायला पाय उचलत नव्हता, तरी ते गेले. टेबलावर सळया मांडल्या होत्या. दोनतीन गिऱ्हाईकं बाकावर बसून होती.

"सांगा बाबा, कोनती लावू?" अंकुर म्हणाला. लहान पोराला हरू द्यायचं नसतं तेव्हा माणूस ज्या आवाजात बोलतो, तसा तो आवाज होता. धर्मेंद्र उगाच पाने-पकडी पुसू लागला.

शालिकरामजींनी स्टूल ओढलं आणि बसले. "मले यातलं काईच समजत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. अंकुरने खडू घेतला, उकिडवा बसला आणि फरशीवर चार चाकं काढली. शालिकरामजी त्या चित्रावर वाकले. त्यांचे कान तापले होते.

"यातली पुढची चाकं कोनती?" त्यांनी विचारलं.