चौदा नंबरचा प्रश्न

लेस्या शिडीवर उभी राहून प्रश्नचिन्हाचे पोट काळ्या मार्करने भरत होती, तेवढ्यात खालून कोणीतरी तिच्या पॅन्टचा काठ ओढला.

"खाली ये जरा," कॉरीन म्हणाली. "आणि ती तुझी पांढरी लेबलं घेऊन ये. मोठ्यातली."

महोत्सवाच्या संचालिकेने पॅन्ट ओढून बोलावले म्हणजे काहीतरी बिनसले आहे, एवढे लेस्याला कळत होते. पण शाई ओली असताना रेघ अर्धी सोडायची नाही, हा तिचा नेम होता. तिने पोट भरले, खालचा ठिपका गोल केला आणि मगच उतरली.

पोर्ट हॅलममध्ये दर ऑक्टोबरात तीन दिवस हा विचारांचा महोत्सव भरे. बंदरावरच्या धान्याच्या जुन्या कोठाराला काचा लावून नगरपालिकेने त्याचे सभागृह केले होते. टोरांटोहून, शिकागोहून माणसे येत, भविष्यावर बोलत, बटर टार्ट खात आणि भविष्य इथेच टाकून विमानाने परत जात. वक्ता बोलत असतानाच मंचाच्या कडेला उभे राहून त्याचे भाषण भिंतीएवढ्या कागदावर चित्रांत उतरवायचे, हे लेस्याचे काम. भाषण संपले की चित्र बाहेरच्या दालनात लागे, आणि रविवारी, शेवटच्या दिवशी, महापौर त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत. भाषणे कोणाच्या लक्षात राहत नसत. चित्रे मात्र वर्षभर नगरपालिकेच्या जिन्यात लटकत.

आज शुक्रवार. नुकत्याच संपलेल्या चारच्या भाषणाचा विषय होता 'सगळ्यांचं शहर', आणि वक्ते होते डॉ. प्रेस्टन हाइड. दालनात आणून लावलेल्या कागदावर मधोमध त्यांचा हसरा चेहरा होता, खाली ठळक अक्षरांत त्यांचे नाव, भोवती झाडे, सायकलींची वाट, हातात हात घातलेली माणसे. उजव्या कोपऱ्यात पोक काढलेली एक म्हातारी काठी टेकून उभी होती आणि तिच्या डोक्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिले होते, 'हे भाषण ऐकून मी घरी कशी जाऊ?'

शेवटच्या दहा मिनिटांत, श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाल्यावर, मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला होता. चौदा नंबरची शेवटची बस पूर्वी साडेनऊला सुटे, आता सहा दहाला सुटते आणि रविवारी तर येतच नाही, असे त्यांनी सांगितले आणि मग तो प्रश्न विचारला. डॉ. हाइड म्हणाले, फार सुंदर प्रश्न आहे, आपण नंतर निवांत बोलू. अशी त्यांच्या तोंडाला पाने पुसून डॉक्टर टाळ्यांच्या कडकडाटात वक्त्यांच्या खोलीत गेले ते गेलेच.

"तो प्रश्न झाक," कॉरीन म्हणाली.

"का? चुकीचा लिहिलाय?"

"वेड पांघरू नकोस, लेस्या. बस कोणी कमी केल्या? नगरपालिकेने. हा हॉल कोणाचा? नगरपालिकेचा. आणि रविवारी ह्याच्यापुढे उभं कोण राहणार?"

"महापौर."

"मग?"

"मग काय? फोटो छान येईल. डावीकडून काढायला सांग."

कॉरीनने डोळे मिटून घेतले. ती वाईट बाई नव्हती. ह्या तीन दिवसांसाठी ती आठ महिने लोकांचे उंबरे झिजवायची आणि त्या आठ महिन्यांत तिला इतक्या जणांपुढे गोड बोलावे लागे की स्वतःचे मत काय होते हेच ती विसरून जाई. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी घामाने काळी पडली होती.

"हे बघ," ती समजुतीने म्हणाली, "त्या जागी एक झाड काढ. झाडाला कोणाची हरकत नसते."

"मी जे ऐकते तेच काढते. अकरा वर्षं तेच करतेय. न ऐकलेलं एक अक्षर माझ्या कागदावर नसतं आणि ऐकलेलं एकही मी गाळत नाही. ही लेबलं माझ्या चुका झाकायला आहेत, दुसऱ्याची अडचण झाकायला नाहीत."

"मग उद्यापासून दुसरं कोणी काढेल."

कॉरीन हे हळू आवाजात म्हणाली, म्हणून ते जास्त लागले. बाकीचे वर्षभर लेस्या विमा कंपन्यांच्या बैठकांत उभी राहून आलेखांवर चढणारी माणसे काढायची. तिचे नाव वक्त्यांच्या बरोबरीने छापून येई ते फक्त इथल्या कार्यक्रमपत्रिकेत. ते आता हातचे जाणार होते. तरी तिने लेबलांचा गठ्ठा मागच्या खिशात खुपसला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर, कॉरीन आणि चित्र यांच्या मधोमध, ठाण मांडून बसली.

"काढू दे," ती म्हणाली. "उद्याचं उद्या. आजचं चित्र असंच राहील."

"ही मी का?"

दोघींनी वळून पाहिले. लाल जाकिटातली एक बाई चित्राच्या उजव्या कोपऱ्यासमोर उभी होती. वय सत्तरीच्या पुढे, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले. आवाज ओळखीचा होता.

लेस्या ताडकन उठली. आपण ज्याच्यासाठी भांडतोय तोच माणूस ऐन वेळी साक्षीला आला, असा आनंद तिला झाला.

"हो, तुमचाच प्रश्न! आणि मी तो कोणाला झाकू देणार नाहीये."

बाईंनी जाकिटातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ओठ हलवत सगळे वाचले.

"प्रश्न बरोबर उतरवलायस," त्या म्हणाल्या. "पण ही म्हातारी कोण?"

"तुम्हीच."

"माझ्या हातात काठी कुठून आली?"

लेस्याने चित्राकडे पाहिले आणि मग बाईंकडे. बाई सरळसोट उभ्या होत्या. हात खिशात होते.

तिच्या धंद्यात काही चित्रे हाताला पाठ असतात. कल्पना म्हटले की दिवा, प्रगती म्हटले की झाड, म्हातारपण म्हटले की पोक आणि काठी. कान प्रश्नाकडे होता तेवढ्यात हाताने आपले काम उरकले होते. आणि पाहणार कधी? कागदाकडे तोंड करायचे म्हणजे सभागृहाकडे पाठ. अकरा वर्षे ती श्रोत्यांकडे पाठ करूनच उभी राहत आली होती.

"एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उचलल्यात मी," बाई म्हणाल्या. "सौनाच्या भट्टीची लाकडं अजून मीच फोडते. काठी मला कुत्रं हाकलायलासुद्धा लागत नाही. अगं, अशा पोक आलेल्या म्हातारीला कोणीही दया येऊन घरी पोचवेल. मी दया मागितली का? बस मागितली."

कॉरीनला आयतेच सापडले.

"बघ, बाईंना स्वतःलाच नकोय! आता तरी झाकून टाक सगळं."

"सगळं कोण म्हणालं?" बाई तिच्याकडे वळल्या. "म्हातारी झाक म्हणाले. प्रश्नाला हात लावून तर बघ."

लेस्याची मान लाल झाली होती. न ऐकलेले काही काढत नाही, अशी फुशारकी मारून पाच मिनिटेही झाली नव्हती. तिला मनापासून लाज वाटली. कॉरीनपुढे ती अशी उघडी पडली त्याचे फारसे काही नव्हते. ह्या बाईपुढे पडली, ते सोसवेना. तिने खिशातून सगळ्यात मोठे लेबल काढले, त्याचा कागद सोलला आणि त्या म्हातारीवर काठीसकट चिकटवून तळहाताने दाबून बसवले.

"थोडा वेळ उभ्या राहाल का अशाच?"

"किती?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

बाईंनी दारावरच्या घड्याळाकडे पाहिले. सहाला दहा कमी होती. त्यांनी जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"राहते," त्या म्हणाल्या.

लेस्याने शिडी तिरपी केली. आता कागद बाजूला आला आणि तोंड बाईंकडे. पहिली रेघ ओढायला तिला वेळ लागला. हाताला पाठ असलेले काहीच कामाला येत नव्हते. रुंद खांदे, खिशातून बाहेर राहिलेला अंगठा, मागच्या हिवाळ्यांतल्या बर्फाने आणि रस्त्यावरच्या मिठाने पांढुरके झालेले बूट, आणि थांब्यावरच्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभे राहून आलेली ती पाय रोवायची पद्धत. लेबल गुडघ्यांपाशीच संपले. बूट डॉक्टरांच्या सायकलींच्या वाटेवर उतरले. डावा खांदा एका झाडात घुसला. होता होता बाई डॉ. हाइड यांच्यापेक्षा हातभर उंच झाल्या.

"अगं, ती वाट..." कॉरीन म्हणाली. कोणी लक्ष दिले नाही.

"तुमचं नाव काय?" लेस्याने विचारले.

"त्या डॉक्टरचं विचारलं होतंस?"

"त्यांचं पत्रिकेत होतं."

"माझं नव्हतं. हेल्वी निएमी. लिही."

लेस्याने डॉक्टरांच्या नावासाठी वापरला होता तोच जाड मार्कर उचलला आणि त्याच उंचीची अक्षरे काढली.

ती शेवटचे अक्षर गिरवत असताना काचेपलीकडे चौदा नंबर वळण घेऊन आली. बसमध्ये दिवे लागले होते. थांब्यावर कोणी नव्हते. ड्रायव्हरने दार उघडले, क्षणभर वाट पाहिली, बंद केले आणि बस निघून गेली. तिघींनीही ते पाहिले.

"अहो, तुमची बस!" लेस्या ओरडली.

"दिसतेय की मला. डोळे शाबूत आहेत. तू बूट पुरा कर, डावा अजून अर्धाच आहे."

कॉरीनने पर्समधून गाडीच्या किल्ल्या काढल्या. ह्या वेळी ती कोणासाठी गोड बोलत नव्हती. तिला खरेच वाईट वाटले होते.

"चला, मी सोडते तुम्हाला. दहा मिनिटांचं तर काम."

"चौदा नंबरवर आम्ही रोजची एकोणीस जणं आहोत," हेल्वी म्हणाल्या. "रात्रपाळीच्या तीन नर्सा, बेकरीतला अर्विड, ते शाळा झाडणारे नवराबायको. तुझ्या गाडीत किती मावतात?"

"चार," कॉरीन म्हणाली.

"मग राहू दे."

"पण मग तुम्ही घरी जाणार कशा?"

कॉरीनच्या तोंडून निघून गेले. हेल्वींनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आल्यासारखे दिसले.

"आत्ता कुठे कोणीतरी विचारलं," त्या म्हणाल्या. "चालत. पाच किलोमीटर आहे. आणि रविवारी फोटोलाही चालतच येईन."

त्या गेल्या. दार बंद होताना बाहेरचा गार वारा आत आला आणि कागदाचा खालचा कोपरा फडफडला. लेस्याने तो चिकटपट्टीने पक्का केला. कॉरीन किल्ल्या हातात धरून काचेपाशी उभी होती. लाल जाकीट गोदामांच्या मागे जाईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि लेबलाचा विषयही तिने पुन्हा काढला नाही.

शनिवारी सकाळी लेस्या कोणाला न विचारता मार्कर घेऊन हजर झाली. तिला कोणी अडवले नाही. तिने फक्त शिडी तिरपी लावायला सांगितली, अर्धे तोंड कागदाकडे आणि अर्धे सभागृहाकडे येईल अशी. मंचावरच्या पोरांनी कुरकुर करत ती लावून दिली.

रविवारी अकराला पाच कमी असताना महापौर आले. दालनात शहरातली झाडून सगळी मानाची माणसे कॉफीचे पेले घेऊन उभी होती. महापौर चित्रापुढे आले, त्यांनी चित्रातल्या हेल्वी निएमींना खालपासून वरपर्यंत पाहिले, वरची ओळ वाचली आणि फोटोग्राफरकडे वळले.

"इथे उजेड बरोबर नाही वाटत. पलीकडच्या भिंतीशी घेऊ या का?"

फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिपाई उचलू लागला. लेस्याने शिडीवरून कॉरीनकडे पाहिले. कॉरीनचे लक्ष कोणाकडेच नव्हते. ती काचेतून बाहेर पाहत होती.

बंदराच्या रस्त्याला पदपथ नाही. त्याच्या कडेने, एकामागे एक, माणसे येत होती. शिकारीच्या दिवसांत रानात घालतात ती भडक नारिंगी जाकिटे सगळ्यांनी चढवली होती, ट्रकवाल्यांना लांबून दिसावीत म्हणून. एकोणीस नव्हती. अकरा असतील, बारा असतील. एक जण बाबागाडी ढकलत होता. सगळ्यांच्या पुढे लाल जाकीट होते आणि ते अजून बरेच लांब होते.

"तिपाई ठेवा खाली," कॉरीन म्हणाली. "फोटो इथेच घ्यायचाय. पण थांबावं लागेल, साहेब. माणसं अजून वाटेत आहेत."

महापौरांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"किती वेळ?"

"चालत जेवढा लागतो तेवढा," कॉरीन म्हणाली आणि दार उघडून धरायला गेली.