दारापर्यंत पोच

परदेशी राबणाऱ्या माणसाला तगवून धरतं ते देवावरचं प्रेम आणि घरच्यांवरचं प्रेम, असं हाँगकाँगमधले फादर दर रविवारी प्रवचनात सांगत. डोराय मागबानुआ दर रविवारी ते मान हलवून ऐकत असे. मनातून मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, की तगवून धरतो तो पुठ्ठ्याचा खोका.

खोका कमरेइतका उंच असे. वजनाची अट नाही. मावेल ते जाईल. भरून झाला की कंपनीला फोन करायचा, मग दोन माणसं मालकिणीच्या इमारतीखाली येऊन तो उचलून नेत. तो बोटीत बसून समुद्र ओलांडी, तिच्या देशातल्या इलोइलो बंदराला उतरे, टेंपोत चढे आणि गिंबाल गावात डोरायच्या थोरल्या बहिणीच्या, सालूदच्या स्वयंपाकघरात जाऊन टेके. टेकल्याबरोबर डोरायला मोबाइलवर संदेश येई.

"देवाला इतकी वर्षं प्रार्थना पाठवतेय, पोचल्याचा एक संदेश नाही," तिची मैत्रीण बेबेंग म्हणायची. "कंपनी बरी."

खोका भरण्यात डोरायचा हात धरणारं कुणी नव्हतं. बुटांत मोजे, मोज्यांत साबण, साबणाच्या सांदीत चॉकलेटं, आणि चारी कोपऱ्यांत मांसाचे हवाबंद डबे, म्हणजे खोका चेपत नाही. रविवारी फुटपाथवर पुठ्ठे अंथरून बसलेल्या बायका तिला हाका मारून न्यायच्या. ती दोन्ही गुडघे खोक्यावर टेकून शेवटची हवा बाहेर काढी, चिकटपट्टी ओढी आणि भरता भरता दम देई, "प्रत्येक वस्तूवर नाव घाला गं बायांनो, मार्करनं. नाव नाही ते सगळ्यांचं. मग तिकडे टॉवेलावरून डोकी फुटतात नि आपण इथे बसतो रडत."

तिचा नवरा मासेमारीच्या बोटीसकट गेला, तेव्हा मुलगी लिन दीड वर्षाची होती. लिनला सालूदकडे ठेवून डोराय घरकामाला हाँगकाँगला आली. अधूनमधून चार दिवस घरी जाऊन यायची. पण लिनचा पहिला कम्युनियन, शाळेची बक्षिसं, टायफॉइड, यांपैकी कशालाही तिला रजा मिळाली नव्हती. प्रत्येक प्रसंगाला खोका मात्र हजर होता.

या नोव्हेंबरात लिनला अठरावं वर्ष पूर्ण होत होतं. गिंबालमध्ये मुलीचा अठरावा वाढदिवस म्हणजे नवरदेव नसलेलं लग्न. भाड्याचा हॉल, घेरदार गाउन, हातात गुलाब घेऊन नाचायला आलेली अठरा मुलं, आणि मेणबत्ती लावून मुलीला चार शब्द सांगणाऱ्या अठरा बायका. शेवटची मेणबत्ती आईची. ती मेणबत्ती डोराय वर्षभर मनात लावत होती. मालकिणीनं रजा दिली, तेव्हा तिनं घरी कुणालाच कळवलं नाही.

"सांगून जा गं," बेबेंग म्हणाली. "न सांगता घरी जाणं म्हणजे पोलिसांची धाड."

"दार उघडल्यावर लिनचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला."

"आणि हात हलवत जाणार?"

"वेडी का तू? खोका पुढे पाठवलाय."

"मग तू कशाला जातेस?" बेबेंग म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

विमानतळावर डोरायला पट्टा काढायला लावला, बूट काढायला लावले, बॅग वजनात बसत नाही म्हणून दोन टॉवेल हातात धरायला लावले. परत कधी येणार ते एकानं विचारलं आणि का जाणार ते दुसऱ्यानं. खोक्याला आजवर असले प्रश्न कुणी विचारले नव्हते.

दार लिननंच उघडलं. तिचं तोंड कसं झालं ते डोरायनं नीट पाहिलं. पांढरंफटक झालं.

"नानाय? काय झालं? काढून टाकलं तुम्हाला?"

"नाही गं बाळा. रजा घेतलीय. तुझ्या वाढदिवसाला."

"हो?" लिननं दाराची चौकट धरून श्वास सोडला. मग मिठी मारली. मिठी चांगली होती, फक्त डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं ते दोघींनाही कळेना, त्यामुळे जरा टक्कर झाली.

सालूद पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत आली. "अगं भवाने, कळवायचं नाही होय? घरात धड मासा नाही!" ती रडली, हसली, धाकट्या बहिणीचे गाल ओढले. मग तिनं डोरायच्या पाठीमागे अंगणात नजर टाकली. "आणि खोका?"

"येतोय मागून. बोटीला उशीर झालाय."

"असू दे, असू दे," सालूद म्हणाली. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आतल्या खोलीत लिनचा गाउन टांगलेला होता. तो चुरगळू नये म्हणून डोरायची झोपायची सोय बाहेरच्या बाकावर झाली. पाहुण्यांसाठीची चादर काढण्यात आली. स्वयंपाकघरात ती मीठ शोधत उभी राहिली, की लिन धावत यायची. "राहू द्या नानाय, तुम्ही बसा. तुम्हाला नाही सापडायचं." आणि तिथूनच मावशीवर ओरडायची, "तिया, तू परत व्हिनेगर वर ठेवलंस ना!" तिया ओरडून उत्तर द्यायची, दोघींचं जोरदार वाजायचं, आणि दोन मिनिटांनी एकाच ताटलीत भाजलेला मासा खात बसायच्या. डोराय बसून राहायची. तिच्याशी कुणी भांडलं नाही. मेणबत्तीचंही कुणी बोललं नाही. आईच्या मेणबत्तीचं वेगळं काय बोलायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी टेंपो आला.

"मानांग सालूद! आला हो तुमचा खोका!" ड्रायव्हरनं अंगणातूनच आरोळी दिली. दोघं जण खोका उचलून दारात आले. दारात डोराय उभी. "जरा सरता का बाई? पाहुण्या वाटतं?"

"पाहुणी कसली मेल्या!" सालूद म्हणाली. "खोका पाठवणारी आहे ती."

ड्रायव्हरनं डोरायकडे निरखून पाहिलं. "पाठवणारी कधी बघितली नव्हती," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, की या तपासायला आल्या असणार. "अगदी हळू आणलाय हो. कुठे आपटला नाही."

"चेपलेला नाही," डोराय म्हणाली. "छान आणलात." आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

शेजारपाजार जमला. लिननं सुरीनं पट्टी कापली, झाकणं उघडली आणि कुणी काही उचलायच्या आत दोन्ही हातांनी कडा धरून तोंड आत घातलं. लहानपणापासून हा मान तिचा होता. तिनं डोळे मिटून पोटभर वास घेतला.

"अहाहा," ती आतून म्हणाली. "नानायचा वास!"

डोराय तिच्या मागेच होती, हात पुढे केला तर वेणीला लागेल इतकी जवळ. ती आल्यापासून घरातल्याच साबणानं अंघोळ करत होती. घरातल्या सगळ्यांसारखाच वास तिच्या अंगाला येत असणार. ती थोडी पुढे वाकली. तेवढ्यात ज्युननं आणि बाकीच्या भाच्यांनी धक्काबुक्की सुरू केली आणि तिला मागे सरावं लागलं.

सालूद एकेक वस्तू काढून नावं पुकारू लागली. बूट, ज्युन. परफ्यूम, लिन. दुखऱ्या गुडघ्याचं तेल, सालूद, म्हणजे मीच, हसू नका रे. खोका तळाला आला, तेव्हा पातळ कागदात गुंडाळलेला एक झगा निघाला. शेवाळी रंगाचा, गळ्याला मण्यांची बारीक ओळ.

"अगं बाई," सालूद म्हणाली. तिनं झगा उलटला, पालटला, कागद झटकला. "नाव नाही यावर."

नाव नव्हतं, कारण झगा डोरायचा होता. विमानात वजन होईल म्हणून तिनं तो खोक्यात घातला, आणि स्वतःच्या वस्तूवर नाव घालायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. खोक्यातून तिच्यासाठी आजवर काही निघालंच नव्हतं.

"तिया, तुलाच!" लिन ओरडली. "उद्या हाच घाल. मेणबत्तीच्या वेळी."

"चल, काहीतरीच. दुसऱ्या कुणाचा असला तर?"

"नाव नाही ते सगळ्यांचं. नानायचाच नियम आहे. हो ना, नानाय?"

सगळ्यांनी डोरायकडे पाहिलं.

"हो," डोराय म्हणाली. आणि मग, सहज विचारल्यासारखं, "कुठल्या मेणबत्तीच्या वेळी?"

लिन वाईट मुलगी नव्हती; तिचे कान लाल झाले. "शेवटची… तिया लावणार आहे. आणि मग दिवे बंद करून तुमचा व्हिडिओ. तुम्ही पाठवलात तो." तो व्हिडिओ डोरायनंच पाठवला होता, येणार असल्याचा संशय येऊ नये म्हणून. "ज्युननं त्याला संगीत लावलंय. आम्हाला कुठे माहीत होतं, तुम्ही… पण आता तुम्ही बोलता का? बोला ना. की व्हिडिओच लावू?"

"हे काय विचारणं झालं?" सालूद म्हणाली. "आई आलीय तिची. आईच लावेल मेणबत्ती." झगा तिनं अजून छातीशी धरलेला होता. तो खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

"पण तुझं सगळं पाठ झालंय, तिया," लिन हळूच म्हणाली. "महिनाभर म्हणतेयस न्हाणीघरात."

सालूदचे डोळे भरले आणि ती खोक्याची झाकणं मिटायला लागली, जणू आत अजून काही होतं. टायफॉइडात लिनच्या उशाशी ती बसली होती. शाळेत ती न्यायची. डोरायला हे सगळं माहीत होतं. तिला ते दर वेळी फोनवर नीट कळवलेलं होतं.

"व्हिडिओच लाव," डोराय म्हणाली. "मला समोर उभं राहून बोलताना रडू येतं. व्हिडिओ चौथ्यांदा घेतला तेव्हा बरा आला होता."

"नक्की, नानाय?"

"नक्की."

"थँक्यू," लिन म्हणाली आणि तिला मिठी मारली. या वेळी टक्कर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोराय प्रवासातल्याच ब्लाउजवर हॉलच्या मागच्या बाजूला, पान्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, टेबलाजवळ बसली, लोकांना वाढायला बरं पडतं म्हणून. सालूद शेवाळी झग्यात पुढे गेली, तिनं मेणबत्ती लावली आणि पाठ केलेलं सगळं विसरली. नुसतीच "माझं लेकरू, माझं लेकरू," म्हणत राहिली. लिन तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. कुठल्या बाजूला ठेवायचं ते तिला माहीत होतं. सगळा हॉल रडला. डोरायही रडली, आणि शेजारच्या बाईला तिनं कागदी रुमाल दिला.

मग दिवे गेले आणि पडद्यावर डोराय दिसू लागली, मालकिणीच्या खिडकीच्या पडद्यावरची फुलं पाठीमागे घेऊन.

"आई आहे वाटतं," शेजारची बाई नाक पुसत म्हणाली. "कुठे असते?"

"हाँगकाँगला," डोराय म्हणाली.

संगीत जरा मोठं झालं होतं. मागे बसलेल्यांना बोलणं नीट ऐकू आलं नाही.