थोरल्याच्या फाटकावरचा ब्रश

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि कपडे धुवायचाही नव्हे. मित्रांनो, मी बूट घासायचा ब्रश आहे, आणि तोही उलटा बसवलेला. माझी लाकडी पाठ जमिनीकडे आहे आणि राठ केस आभाळाकडे. एका लोखंडी चौकटीत मला पक्के ठोकले आहे. माझ्या पुढ्यात औषधाच्या पाण्याचा उथळ ट्रे आहे, त्यापुढे फाटक आहे आणि फाटकापलीकडे जंगल.

हे जंगल फार जुने आणि राखीव आहे. इथे कुणी कधी कुऱ्हाड चालवली नाही, म्हणून झाडे वाढतच गेली. मी मात्र त्यांतले एकही मोठे झाड पाहिलेले नाही. फाटकातून आत गेलेली वाट लगेच वळते आणि त्या वळणावर झुडपांची दाटी आहे. मला जे काही माहीत आहे, ते बाहेर येणाऱ्यांच्या तोंडून. आत जाताना माणसे मोठमोठ्याने बोलतात. बाहेर येताना त्यांचा आवाज उतरलेला असतो आणि हात मान चोळत असतो. एक बाई मैत्रिणीला सांगत होत्या, की झाड फोटोत मावलेच नाही, नुसता बुंध्याचा तुकडा आला, आणि आता घरी दाखवले तर सगळे विचारतील की भिंतीचा फोटो कशाला काढलास. सगळ्यांत मोठ्या झाडाला इथले लोक ‘थोरला’ म्हणतात. बाकीच्या झाडांना नाव नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. यंत्र फळीला भोके पाडायचे आणि एक बाई प्रत्येक भोकात केसांचा झुबका तारेने ओढून बसवायची. तोंडाने ती शेजारणीला सुनेच्या तक्रारी सांगत असे, पण हात चुकत नसे. ब्रश तयार झाला की ती त्यावरून आपला तळवा फिरवायची. चांगला टोचला तरच तो पुढे जाई. मी तिला असा टोचलो, की हात झटकत ती म्हणाली, हा भांडखोर निघाला. माझ्याबरोबरचे काही ब्रश गोठ्यात गेले, काही न्हाणीघरात, काही कारखान्याच्या फरशीवर. दुकानात एका उंच माणसाने एकेका ब्रशाचे केस अंगठ्याने दाबून पाहिले आणि मला उचलले. ते दादा.

दादा या जंगलाचे वनरक्षक होते. सगळे त्यांना दादाच म्हणत, त्यांची मुलेसुद्धा. पलीकडच्या डोंगरावरही असेच जुने जंगल होते. तिथली झाडे शेंड्याकडून वाळू लागली, तेव्हा कुणाला काही कळेना. मग तपासणीत निघाले, की रोग मुळांत आहे आणि तो मातीतून पसरतो. रोगट माती बुटाच्या खाचेत बसते, बुटाबरोबर डोंगर ओलांडते आणि निरोगी मुळांवर उतरते. या झाडांची बारीक मुळे खोल नसतात, ती पायवाटेखालीच हातपाय पसरून असतात. झाड आजारी आहे हे दिसायला वर्षे लागतात आणि दिसल्यावर करण्यासारखे काही उरत नाही. दादांनी तो डोंगर उभा वाळताना पाहिला. म्हणून त्यांनी या फाटकावर मला बसवले आणि नियम घातला. आधी दोन्ही बूट ब्रशावर घासायचे, मग औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मगच आत पाऊल टाकायचे. साहेब असो की पाहुणा, नियम तोच.

मित्रांनो, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. इतर ब्रशांचे काम दिसते. फरशी चमकते, भांडे लखलखते. माझे काम नीट झाले तर काहीच होत नाही. ज्या दिवशी काही झालेले दिसेल, त्या दिवशी फार उशीर झालेला असेल. बूट पुढे गेला की मी मनात तो पुन्हा घासतो. टाचेजवळचा चिखल निघाला होता का? त्या पोराच्या बुटात खडा अडकला होता, त्याच्यामागे काय होते? वाट वळते आणि मला उत्तर मिळत नाही.

सुरुवातीला माझे कौतुकही झाले. शाळेच्या सहली आल्या की मुले माझ्यापुढे रांग लावत. मोठ्यांचे निराळे. एक गृहस्थ कुरकुरत होते, की आपल्या घरीसुद्धा इतके पाय कुणी पुसत नाही. त्यांच्या पत्नी मागून शांतपणे म्हणाल्या, “म्हणून तर घर तसं दिसतं.” रांगेत हशा पिकला आणि त्या गृहस्थांनी दोन्ही बूट अगदी मन लावून घासले.

पुढे दादा निवृत्त झाले आणि फाटकावर त्यांची मुलगी आली. तिला सगळे ताई म्हणतात. ताईचा आवाज मोठा नाही, पण चुकवून जाणाऱ्याला तो बरोबर गाठतो. दिवस संपला की ती माझे केस पाण्याने धुते आणि ट्रेमधले पाणी बदलते. तरीही काळ कुणाला सोडत नाही. माझे मधले केस आडवे झाले. कडेचे झडले. कार्यालयातून एकदा विचारणा झाली, ब्रश बदलायचा का. ताई म्हणाली, राहू दे, दादांच्या हातचा आहे. मला तेव्हा बरे वाटले. आणि त्याच दिवसापासून जास्त अस्वस्थही वाटू लागले.

दादा बरीच वर्षे आत आले नव्हते. आधी गुडघा गेला, मग शस्त्रक्रिया झाली, मग जिना उतरणेही बंद. आता ते थोडे चालू लागले होते, पण धाकट्या मुलाने त्यांना कायमचे आपल्या शहरात न्यायचे ठरवले होते. ते शहर फार लांब. परत येणे होईल असे कुणीही म्हणत नव्हते. जाण्याच्या आदल्या दिवशी दादांनी एकच मागितले. थोरल्याला एकदा बघून येऊ.

त्या सकाळी गाडी फाटकाशी थांबली. धाकटा आधी उतरला, मग त्याने दादांना हात दिला. दादांनी जुने बूट चढवले होते, गणवेशातले. दुसऱ्या हातात काठी होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, की हा अजून आहे का, मला वाटले आम्ही दोघे बरोबरच निवृत्त झालो. ताई हसली. दादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय उचलला, माझ्यावर घासला, पुढे, मागे, कडेने, टाचेने. मग दुसरा. इतके नीट त्या वर्षात कुणी घासले नव्हते. मग बूट ट्रेमध्ये बुडवले. धाकटा घड्याळ बघत होता. दुपारी सामान बांधायचे होते. तो ताईला सहज सांगू लागला, की यांच्यामुळेच उशीर झाला, सकाळपासून अंगणातल्या झाडाखाली बसले होते, काठीने माती उकरत.

ताईचे हसू थांबले.

अंगणातले ते झाड दादांनी याच जंगलातल्या बीपासून वाढवले होते. दोन उन्हाळ्यांपासून त्याचा शेंडा वाळत होता. पाणी कमी पडते, असे घरात म्हणत. ताईलाही तसेच वाटले होते. पण आता ती दादांच्या काठीकडे बघत होती.

“दादा, काठी द्या जरा.”

“काठी कशाला? बूट घासले ना मी?”

“द्या तर.”

तिने त्यांना फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवले आणि काठी उलटी केली. टोकाला रबराची टोपी होती, घसरू नये म्हणून लावतात तशी. ताईने ती ओढून काढली. आत काळी, ओली माती ठासून भरली होती.

धाकटा म्हणाला, “एवढीशी तर आहे. टाक पुसून.”

 एवढीशी पुरते, हे दादांनी याच फाटकावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले होते. ताईने काठी माझ्यावर घासली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी कधी काठी घासली नव्हती. मी जीव तोडून घासली. लाकूड स्वच्छ झाले. पण टोपीच्या आत माझे केस पोचेनात, आडवे पडत राहिले. ताईने टोपी पिशवीत बांधून बाजूला ठेवली आणि काठी औषधाच्या पाण्यात धरली. मग ती म्हणाली, “झालं. काठी इथेच राहू दे. मी एका बाजूने धरते, हा दुसऱ्या बाजूने. हळूहळू जाऊ.”

दादा उठले नाहीत. ते आपल्या विजारीकडे बघत होते. गुडघ्यांवर मातीचे दोन गोल डाग होते. त्यांनी हात उलटे केले आणि नखे पाहिली.

“मी नाही येत आत,” ते म्हणाले.

धाकट्याचा धीर सुटला. “दादा, उद्या निघायचंय आपल्याला. पुन्हा कधी येणार?”

“मला निघायचंय. थोरल्याला इथेच राहायचंय.”

ताई त्यांच्यापाशी बसली. ती अजीजीने सांगत होती, की घरी जाऊन कपडे बदला, आंघोळ करा, मी फाटक उघडे ठेवते. दादा ऐकत होते, पण त्यांचे लक्ष माझ्याकडे होते. मग त्यांनी विचारले, आजवर किती काठ्या आत गेल्या असतील?  म्हातारी माणसे काठ्या घेऊन येत होती, तरणी माणसे चढणीसाठी काठ्या आणत होती, लहानग्यांच्या गाड्यांना चाके होती. सगळ्यांचे बूट माझ्यावर घासले जात होते. बाकीचे तसेच पुढे जात होते.

“नियम मीच केला,” दादा म्हणाले. “पण तेव्हा मला काठी लागत नव्हती.”

त्यांनी ताईला फाटक लावायला सांगितले. ताईने लावले. थोड्या वेळाने आलेली माणसे चिडली, लांबून आलो आहोत म्हणाली, दादांकडे हात करून विचारू लागली की हे कोण लागून गेले. ताईने ते कोण आहेत हे सांगितले नाही. तिने फक्त झाडे तपासायची आहेत एवढेच सांगितले. दादा संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर बसून होते. वाट जिथे वळते तिकडे त्यांचे तोंड होते. आणि मग धाकट्याने त्यांना गाडीत बसवले.

पुढचे दिवस मला कसे गेले हे सांगता येणार नाही. बूट येत नव्हते. मी कोरडा पडलो होतो. झाडांची तपासणी करणारी बाई आली, तिने माझ्यापुढे उभे राहून बूट घासले, अवजारेही घासली, आणि आत जाऊन थोरल्याच्या भोवतीची माती बाटल्यांत भरून नेली. अंगणातल्या झाडाखालची मातीही नेली. पावसाची एक सर येऊन गेली की मला वाटे, आजवर काठ्यांबरोबर आत गेलेली माती आता पाण्याबरोबर मुळांपर्यंत उतरली असेल. असलीच तर. नसेलही. मला हलता येत नाही, आणि वळणापलीकडे बघता येत नाही.

एके सकाळी ताई फोन कानाला लावून फाटकाशी आली. ती दादांना सांगत होती. अंगणातल्या मातीत रोग निघाला. झाड मुळासकट काढावे लागेल. थोरल्याची माती स्वच्छ आहे. निदान या वेळी. मग दादा सूचना देऊ लागले. हो, काठ्या घासून घेतो, ती म्हणाली. हो, गाड्यांची चाकेसुद्धा. मग तिने माझ्याकडे पाहिले.

“दादा, पण तो तुमच्या हातचा आहे.”

फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दादांचा आवाज पातळ झाला होता, पण चढला नव्हता. “माझ्या हातचा आहे म्हणून झाडाला काय? केस वाकलेत त्याचे. मी पाहिलंय. नवा बसव.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, की आम्हाला टाकू नका, जपून ठेवा. माझी विनंती उलटी आहे. मला काढा. प्रेमापोटी ठेवू नका. ज्याच्यासाठी मला बसवले, त्याची काळजी घ्या. आणि कुठल्या जुन्या जंगलात गेलात, तर बुटांबरोबर काठीही बघा, गुडघे बघा, नखे बघा. कंटाळा करू नका. तुम्ही निघून जाल, झाडाला जाता येत नाही.

नव्या ब्रशाची मागणी गेली आहे. तो अजून आलेला नाही. फाटक मात्र आजपासून उघडले आहे. समोरून एक कुटुंब येते आहे. आजी आहे, सून आहे, पाठीवर झोपलेले बाळ आहे. आजीचा बूट माझ्यावर आला आहे. जाड तळ, खोल खाचा, आणि मधल्या खाचेत काहीतरी काळे बसले आहे. माझे केस तिथवर पोचत नाहीत. आजी, अजून एकदा. थोडा जोर लावून. अजून निघालेले नाही.