उपडी पेटी

मित्रांनो, मी धोबिणीची एक जुनी लाकडी पेटी आहे. पॅरिसच्या नदीकाठी धुणं धुणाऱ्या बाया माझ्यासारख्या पेटीत पेंढा घालून गुडघे टेकतात, म्हणजे चिखल लागत नाही. माझा जन्मच गुडघ्यांखाली गेला म्हणा ना!

माझी मालकीण पेरिन. अंगाने बुटकी, पण तोंडाची तिखट. लोकांनी राजाला गादीवरून ओढलं, त्याच सुमारास तिच्या नवऱ्याने तिला न विचारता लेकीला, कोलेतला, लांबच्या गावी शेतावर कामाला ठेवलं. पेरिन कचेरीत गेली, तर कारकून म्हणाला, "बाई, मूल बापाचं. कायदाच तसा आहे."

"आणि नऊ महिने पोटात काय कायद्याने वागवलं होय?"

सगळे हसले. कोलेत मात्र परत आली नाही.

तेव्हा बायकांनी स्वतःची सभा काढली होती. पेरिन घाटावरून मला काखोटीला मारून थेट तिथेच गेली. बोलायची पाळी आली, पण बोलणाऱ्यासाठी होता त्या उंच कठड्यामागून तिचं टोपडंसुद्धा दिसेना! तिच्याबरोबर धुणं धुणारी ज्युस्तीन ओरडली, "अगं, पेटी उपडी कर आणि चढ वर!"

पेरिन माझ्यावर उभी राहिली. तिच्या लाकडी बुटांचा सगळा भार माझ्या तळावर आला.

"सगळे समान म्हणता, मग माझ्या लेकीबद्दल मला का विचारत नाही? आईची सही लागलीच पाहिजे, असा कायदा करा."

गंमत बघायला माडीवर बसलेला एक पुरुष खेकसला, "सही? तुला लिहिता तरी येतं का?"

"नाही येत. पण 'नाही' म्हणता येतं!"

केवढ्या टाळ्या पडल्या! मला फार अभिमान वाटला. तिची मागणी कायदे करणाऱ्यांकडे पाठवायचं ठरलं. पण त्याआधीच सरकारने बायकांच्या सभांवर बंदी आणली. बायकांनी म्हणे घर सांभाळावं.

पेरिनने मला पुन्हा सुलटी केली, पेंढा भरला आणि गुडघे टेकले. "जाऊ दे गं," ज्युस्तीन म्हणाली. पण घाट रिकामा झाला की पेरिन मला उपडी करायची, वर चढायची आणि कोलेतला नेलं त्या गावाच्या रस्त्याकडे बघत राहायची. अशी वर्षं गेली.

पेरिन वारली. आता मी एका पडवीत आहे आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. आत तिच्या गुडघ्यांचे खळगे खोल आहेत. तळावर तिच्या लाकडी बुटांच्या खुणा आहेत, पण त्या पुसट होत चालल्या आहेत.

मित्रांनो, मला रंग नको, कुलूप नको. फक्त उपडी ठेवा. कोलेत कधी आलीच, तर तिला दिसू दे, की तिची आई तिच्यासाठी उभी राहिली होती.