रानलसणीचं दूध

"हे दूध परत ने," बोनारियामावशी म्हणाली आणि तिने कॅनचं झाकण दाबून बसवलं.

कॅन बाकिसिओचा होता. बाकिसिओ म्हणजे आमच्या चीज-सोसायटीचा चेअरमन. त्याच्यामागे रांगेत आम्ही अकरा मेंढपाळ उभे. निम्म्यांची मेंढरं त्याच्याच कुरणावर चरतात. माझीही.

"का गं?" तो हसला. "आज कुणावर राग?"

"रानलसूण खाल्लीय तुझ्या मेंढ्यांनी. काल संध्याकाळी ऑलिव्हखाली सोडल्या होत्यास ना?"

मार्चमध्ये आमच्याकडे ओढ्याकाठी, ऑलिव्हच्या सावलीत रानलसूण फुलते. पांढरी फुलं, मान खाली घातलेली, नव्या नवरीसारखी. मेंढी तिच्यासाठी वेडी होते आणि वास थेट कासेत उतरतो. त्या दुधाचं चीज काही महिन्यांनी कापलं, की आत नुसता भपकारा. म्हणून दूध काढायच्या आदल्या दुपारनंतर मेंढरू तिकडे फिरकू द्यायचं नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं. चेअरमनच्या गड्याला सांगणार कोण?

मशीन दुधातली चरबी सांगतं. वास सांगायची बोनारियामावशी, एकतीस वर्षं. मनगटावर दोन थेंब, डोळे मिटलेले. तिची मान हलली की दूध आत.

मॅनेजर प्रियामो बाहेर आला. तिच्या अंगाखांद्यावर खेळलेला, शहरात शिकून आलेला.

"मावशी, मशीनने पास केलंय."

"मशीनला नाक आहे का रे?"

"तुमचंही आता थकलंय. जरा समजून घ्या."

"गेल्या मार्चमध्ये गाविनोचं दूध याच नाकाने परत पाठवलं. तेव्हा नाही थकलं ते?"

गाविनो कोपऱ्यात कॅन विसळत होता. त्याच्याकडे ओढ्यालगतचा तेवढा एकच तुकडा. मेंढरं दुसरीकडे नेणार कुठे? सलग नऊ दिवस त्याचं दूध परत गेलं. उन्हाळ्यात त्याने कळप विकला आणि इथे धुण्याच्या कामाला लागला. त्या वेळी मावशी त्याच्या दारात जाऊन म्हणाली होती, "नियम सगळ्यांना एकच आहे, गाविनो." त्याने ते मानलं होतं.

मावशीने बाकिसिओच्या कॅनमधून ओगराळंभर दूध काढलं आणि शेगडीवर तापवलं. वाफ वर आली तशी तिने वाडगा रांगेत पहिल्याच्या हातात ठेवला.

"हुंगा. आणि तोंडाने सांगा."

वाडगा हातोहात फिरला. एक म्हणाला, कळत नाही. दुसरा म्हणाला, असेल थोडंसं गवत. माझ्यापाशी आला तेव्हा त्या वाफेने डोळे झोंबत होते.

"मला सर्दी झालीय," मी म्हणालो.

बोलावलं नसताना गाविनो ओल्या हातांनी पुढे आला. वाडगा घेतला, हुंगला.

"लसूण आहे."

"एक मेंढी नाही दारात, आणि आला दूध ओळखायला," बाकिसिओ म्हणाला. आम्ही दोघं-तिघं हसलो.

प्रियामोने कॅन उचलला आणि आम्हा सगळ्यांचं दूध जातं त्या हौदात ओतून दिला. मावशी हौदाकडे बघत राहिली.

"उद्यापासून तुम्ही नुसत्या इथे उभ्या राहा," तो हळू म्हणाला. "मशीन सांगेल तिथे मान हलवायची. खरेदीवाले तुमच्या नाकाच्या भरवशावर माल घेतात, माहीत आहे ना?"

ती गाविनोकडे वळली.

"तुला मी खोटं सांगितलं रे."

"तू नाही, बोनारिया," तो म्हणाला आणि पुन्हा कॅनपाशी बसला.

ती निघाली. काहीतरी बोलावं म्हणून मीही मागे गेलो. काय बोलणार होतो, देव जाणे. ओढ्याच्या वळणावर ती गुडघे टेकून बसली, फुलांच्या दाटीत हात घातला आणि एक रोप मुळासकट उपटलं.

लसूण खाणाऱ्याला दुधातली लसूण ओळखता येत नाही. म्हणून एकतीस वर्षं तिने ती तोंडात घातली नव्हती. ईस्टरचं कोकरूसुद्धा तिच्या घरी बिनलसणीचं शिजायचं.

तिने एप्रनला रोपाच्या मुळाचा कांदा पुसला आणि कच्चाच चावला. मग देठ. मग फुलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"मावशी, अगं, उद्या दूध कसं जोखशील?"

तिने दुसरं रोप उपटलं, माती झटकली आणि माझ्याकडे न बघता चावत राहिली. वास मला स्वच्छ येत होता.