ठिणगीमहाराजांचा अर्धा तास

चढ संपतो तिथे रस्त्याच्या कडेला रोजचीच जत्रा. बॉनेट उघडून उभ्या गाड्या, त्यांच्यासमोर हात जोडलेली माणसं आणि पत्र्याच्या शेडखाली, गादीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठिणगीमहाराज. बंद पडलेली गाडी महाराजांचा हात लागला की चालू होते, अशी ख्याती. मेकॅनिक नको, पार्ट नको, साधा पानाही नको.

"गाडीचा आत्मा तापलाय रे बाळा," महाराज प्रत्येकाला हेच सांगायचे. "अर्धा तास मौन धर. फोन पेटीत टाक. फोनच्या लहरी लागल्या की ठिणगी रुसते."

त्या दिवशी तिथे एका टॅक्सीवाल्याची गाडी उभी होती, सोबत त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि मागच्या सीटवर त्यांची आई. सकाळी चहा पिताना आईच्या हातातून कप सुटला, तोंड एका बाजूला गेलं. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. हा पक्षाघाताचा झटका आहे, आता एकेक मिनिट महत्त्वाचं, हे तिने लगेच ओळखलं. भावाने गाडी पळवली, पण चढावर गाडीने नेहमीसारखी मान टाकली. शेडपर्यंत ढकलतच आणली.

"खाली नाक्यावर अँब्युलन्स असते. लावते फोन."

"ताई, हात जोडतो, फोन नको! दरवेळी अर्ध्या तासात चालू होते."

"दरवेळी मागे आई नसते, गाढवा!"

तिने नंबर लावला तसा त्याने फोन हिसकावून पेटीत टाकला. शिष्याने कुलूप घातलं. ती रस्त्यावर धावली, जाणाऱ्या गाड्यांना हात केले. कोणी थांबेना. ओरडली तर एक भक्त खेकसला, "ओ बाई, गप्प बसा. तुमच्यापायी आमच्या पण गाड्या रुसतील."

अर्ध्या तासाने महाराज डुलत आले, बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले. भावाने चावी फिरवली. गाडी सुरू! टाळ्या, जयजयकार. भाऊ रडत महाराजांच्या पाया पडला.

हॉस्पिटलात डॉक्टर एवढंच म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." आईची उजवी बाजू गेली. वाचा गेली.

आणि भाऊ नातेवाइकांना सांगत सुटला, "महाराज होते म्हणून आई वाचली." हार घेऊन निघालासुद्धा.

"थांब, मी पण येते," ताई म्हणाली. कालच ती त्याची टॅक्सी गॅरेजला दाखवून, काय बिघडलंय ते विचारून आली होती. सोबत तिने केस वाळवायचा ड्रायर घेतला. भाऊ बघतच राहिला.

शेडमध्ये शिरून तिने महाराजांच्या पंख्याची पिन काढली आणि तिथे ड्रायर लावला.

"अहो ताई, हे काय चालवलंय?" महाराज घामाने चमकायला लागले.

"चमत्कार करतेय. बघा तर."

टॅक्सी चालूच होती. ताईने बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या बोटाएवढ्या एका तुकड्यावर गरम हवा सोडली. थोड्या वेळात इंजिन फडफडलं आणि बंद. भावाने चावी फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. मग तिने त्याच तुकड्यावर ओलं फडकं धरलं.

"आता मार चावी."

गाडी एका झटक्यात सुरू.

"हा सेन्सर," ताई म्हणाली. "ठिणगी कधी पाडायची ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो आणि इंजिन कुठवर फिरलंय ते त्याला हा सांगतो. हा खराब झालाय. तापला की मुका होतो, मग ठिणगी पडतच नाही. गार झाला की परत बोलतो. सगळ्यांच्या गाडीत हेच बिघडलं असेल असं नाही. कुणाची ठिणगीला वीज देणारी कॉइल तापते, कुणाचे प्लग झिजून तिच्यावर ताण येतो. पण बॉनेट उघडून अर्धा तास ठेवलं की गार सगळंच होतं. आणि महाराज चढाच्या टोकालाच का बसतात? गाड्या तापतात इथेच! सपाटीवर बसा की, बघू किती भक्त येतात."

"त्या फडक्यात माझीच शक्ती आहे," महाराज म्हणाले. दोघा भक्तांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

भावाच्या हातातला हार तसाच होता. "गॅरेजवाला कधीपासून सेन्सर बदल म्हणत होता," तो पुटपुटला. "ताई... त्या दिवशी फोन लावू दिला असता तर..."

ताईने ड्रायरची वायर गुंडाळली.

ती शेड अजून तिथेच आहे. बॉनेटं अजून उघडतात. तेव्हा तुम्हीच ठरवा. गाडी बंद पडायला लागली की गॅरेजला न्या, प्लग-सेन्सर वेळेवर बदला. आणि माणूस आजारी पडला, तर "फोन लावू नका" म्हणणाऱ्याचं काडीचंही ऐकू नका, मग तो महाराज असो नाहीतर सख्खा भाऊ. भाऊ आता रोज आईला भरवतो. ती डाव्या हाताने त्याचे डोळे पुसते आणि काहीतरी सांगू बघते. महाराजांनी मौन अर्ध्या तासाचं सांगितलं होतं. आईचं अजून सुटलेलं नाही.