गाबोळीचा चमचा

झाइसान सरोवराकाठच्या त्या घरात गाबोळी खारवायचा दिवस आला की थोरल्या सुनेचा, कुल्याशचा, जळफळाट सुरू व्हायचा. कच्ची गाबोळी मिठात कालवून झाली की सासूबाई लाकडी चमचा पुढे करायच्या, तो धाकट्या सुनेपुढे, बोतापुढे. "तू सांग गं. मीठ कळावं तर तुझ्याच जिभेला." मासे चिरायला, हात घाण करून घ्यायला कुल्याश, आणि चव बघायला बोता. वर ही बया चौघांचं खाणार आणि अंगावर मांस म्हणून नाही. कुल्याश नुसता रस्सा प्यायली तरी फुगायची.

त्या वसंतात मात्र बोताची चव चुकायला लागली. एक बरणी खारट, दुसरी अळणी. चेहरा पांढराफटक पडला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. "ताई, जीभ नुसती जळते हो," ती म्हणाली. कुल्याशने तोंडदेखलं "अगंबाई" केलं. आतून तिला आनंद झाला, चांगलाच झाला.

सासूबाईंनी दोघींना शहरातल्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी बोताची लाल, गुळगुळीत जीभ पाहिली, तपासण्या केल्या.

"पोटात पट्टकृमी आहे. हातभर नाही, खोलीभर लांब. रक्त बनायला लागणारं बी-१२ तो आधीच गिळतो, मग हिला काय उरणार? म्हणून जीभ अशी झालीय. गोळीने किडा पडेल, इंजेक्शनांनी जीभ परत येईल. पण कच्ची गाबोळी कुणीही तोंडात घालायची नाही. तो तिथूनच येतो. घरी सांगा." बोताला त्यांनी ठेवून घेतलं.

जीभ परत येईल, एवढंच कुल्याशच्या डोक्यात घुमत राहिलं.

घरी सासूबाई गाबोळीच कालवत होत्या. "काय म्हणाल्या गं?"

"तिची जीभ गेली, आपा. आता चव कळायची नाही."

सासूबाई हळहळल्या. मग त्यांनी चमचा भरून थोरलीपुढे धरला. "आता तूच बघ, बाई. तुझाच आधार."

नको म्हणावं तर सगळं सांगावं लागणार. आणि सांगितलं की हा चमचा घरात कुणाच्याच वाट्याला यायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून ती याच्यासाठी झुरली होती. तिने तोंड उघडलं, दाणे जिभेवर फोडले आणि गिळले.

"कमी आहे," ती म्हणाली. "अजून चिमूटभर टाका."